गायधनी बाईंचं फुगवलेलं आकाश

आधी लुनाचा फटफटाट ऐकू यायचा, मग बाईंचा आवाज, आणि सगळ्यात शेवटी बाई दिसायच्या. ठेंगण्या, गोल, सुती साडीचा पदर कमरेला खोचलेला, आणि लुनाच्या मागच्या सीटवर दोरीनं आवळलेली भलीमोठी काळी गुंडाळी. पंचवटीतला एखादा दुकानदार हाक मारायचा, "बाई, गादी पिंजायला काढली का?"

बाई ब्रेक न लावता ओरडायच्या, "गादी नाही, आकाश आहे! स्वातीपाशी उसवलं होतं, टाके घालून आणलं!"

शकुंतला गायधनी आमच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. मी गणिताचा आणि नंतर नंतर कॉम्प्युटरचा. मूळचा सटाण्याकडचा, स्वभावानं घुम्या. स्टाफरूममध्ये मी महिन्यात जेवढं बोलायचो तेवढं बाई चहा गार व्हायच्या आत बोलायच्या. मी गप्प असतो म्हणून लोकांना मी सज्जन वाटतो. तसं काही नाही. त्या काळ्या गुंडाळीतून फुगणाऱ्या, आत तारे दाखवणाऱ्या बाईंच्या कापडी घुमटाला शाळाभर 'बाईंची मच्छरदाणी' म्हणायचे, ते नाव मी ठेवलेलं. हळूच एकाच्या कानात सांगितलं होतं, आठवडाभरात शिपायापर्यंत पोचलं. बाईंनाही कळलं. त्या एवढ्या हसल्या की ठसका लागला. "बरोबरच आहे की! फक्त डास बाहेर आणि तारे आत!"

नव्वदच्या दशकात हा घुमट नव्हता. तेव्हा छत्री होती. काळ्या कापडाची मोठी छत्री, आतून पांढऱ्या रंगाचे ठिपके, आणि दांडा म्हणजे पृथ्वीचा आस. दांडा ध्रुवाकडे रोखून बाई छत्री गरगर फिरवायच्या आणि तिच्याखाली एका वेळी चार पोरं डोकी घालून उभी राहायची. उरलेला वर्ग त्या चौघांचे शर्ट ओढत असायचा. पुढं बाईंनी मांडववाल्याकडून कापडाचा अर्धगोल शिवून घेतला, बाहेरून काळा, आतून पांढरा. तेलाच्या डब्याला भोकं पाडून आत बल्ब लावला, की त्या भोकांचे तारे कापडावर पडायचे. हवा भरायला दोन टेबलफॅन होते, ते दमून जायचे. त्यामुळं आमच्या नाशकातले सप्तर्षी बरीच वर्षं लोंबकळलेले होते.

दोन हजार सालानंतर शाळेला एक जुना प्रोजेक्टर मिळाला, मला लॅपटॉप मिळाला, आणि सातपूरला वर्कशॉप असलेल्या बाईंच्या एका माजी विद्यार्थ्यानं एक फुगीर आरसा आणून दिला. दुकानाच्या कोपऱ्यात चोर दिसावा म्हणून लावतात, तसला. प्रोजेक्टरचा झोत त्या आरशावर मारला की चित्र पसरून सगळा घुमट व्यापायचं. पहिल्यांदा ते जमलं तेव्हा आत बाई आणि मी दोघंच होतो. मी बटण दाबलं आणि अख्खं आकाश आमच्या डोक्यावर आलं. बाई चटकन खाली बसल्या, मग आडव्या झाल्या, आणि पहिल्यांदाच, मी शपथेवर सांगतो, काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळानं म्हणाल्या, "देवरे, उद्याचं दाखवा." मी उद्याचं दाखवलं. "मी जन्मले त्या दिवशीचं दाखवा." तेही दाखवलं. "आता खाली मुंबई, वर काश्मीर, आणि मग उत्तर ध्रुवावर न्या मला." मी नेलं. बाई सतरंजीवर पडल्या पडल्या टाळ्या वाजवत होत्या.

डब्यातलं आकाश एकाच रात्रीचं असायचं. या नव्या आकाशाला तारीख सांगायची, गाव सांगायचं, आणि वेग सांगायचा. वेग हा बाईंचा विशेष लाडका. पुस्तकात 'पृथ्वी स्वतःभोवती फिरते' असं असतं आणि पोरं ते पाठ करतात. बाई पोरांना आडवं पाडायच्या आणि मला खूण करायच्या. मी अख्खा दिवस घटकाभरात पळवायचो. तारे पूर्वेकडून उसळून डोक्यावरून पश्चिमेला कोसळायचे आणि पोरं एकमेकांना घट्ट धरून किंचाळायची, कारण त्यांना तारे पळताना दिसत नव्हते, आपण सतरंजीसकट पूर्वेकडे कलंडतोय असं वाटत होतं. एकदा सातवीतली एक मुलगी बाहेर येऊन भडाभडा ओकली. तिची आई भांडायला आली, तर बाईंनी तिचेच हात हातात घेतले. "अहो, अभिनंदन! तुमच्या मुलीला पृथ्वी फिरते हे पोटातून कळलंय. आम्हाला अजून फक्त डोक्यातून माहीत आहे."

ती माउली भांडायचंच विसरली.

राहिला प्रश्न हवेचा. घुमट ताठ हवा, नाहीतर आरशाचं गणित बिघडतं. त्यावर तोड निघाली दिंडोरीत. तिथले द्राक्षबागायतदार भाऊसाहेब बाईंना मानायचे. त्यांच्या धाकट्याला बाईंनी दहावी पास करवलं होतं, आणि ते दिंडोरीत चमत्कारात जमा होतं. त्यांचा थोरला विलास ट्रॅक्टरला फवारणीचा ब्लोअर जोडून शाळेच्या मैदानात घेऊन आला. बागेतल्या पानापानाला औषध पोचवणारा तो राक्षसी पंखा. त्याच्या तोंडाला कापडी बोगदा बांधला आणि विलासनं ट्रॅक्टर चालू केला. पुऱ्या फुगतात तसा आमचा घुमट एका दमात टम्म फुगला.

नेमकं त्या दिवशी तालुक्याच्या शिक्षण खात्यातले एक साहेब पाहणीला आले होते. पांढरा शुभ्र शर्ट. बाईंनी सगळ्यांसारखंच त्यांनाही रांगत आत घातलं. साहेब आडवे झाले, आकाश सुरू झालं, आणि आत पाऊस पडायला लागला. बारीक, गार, निळा पाऊस. विलासच्या टाकीत आदल्या दिवशीचं मोरचूद आणि चुन्याचं औषध उरलं होतं आणि तो कॉक बंद करायचा विसरला होता. दिवे लागले तेव्हा चाळीस पोरं आणि एक साहेब निळ्या ठिपक्यांनी भरलेले. मला वाटलं, संपलं सगळं. मी प्रोजेक्टरमागं लपलो.

बाईंनी साहेबांच्या शर्टाकडं निरखून पाहिलं. "साहेब, काळजी करू नका. या हंगामात तुम्हाला द्राक्षावरचा एकही रोग लागायचा नाही."

साहेब हसले म्हणून आपण वाचलो, असं मी तेव्हा म्हणत होतो. खरं तर बाई आधी हसल्या म्हणून साहेब हसले.

विलास त्यानंतर प्रत्येक कार्यक्रमाला न बोलावता यायला लागला. बाई म्हणायच्या, "मुलाला खगोलशास्त्राची गोडी लागली." गोडी लागली होती, पण ती उज्ज्वलाची. उज्ज्वला बाईंची जुनी विद्यार्थिनी, मखमलाबादच्या फुलं पिकवणाऱ्या माळ्यांची मुलगी. पहाटे वडलांबरोबर बाजारात गुलाबाच्या जुड्या विकून यायची आणि दुपारी घुमटात पोरांना ताऱ्यांच्या गोष्टी सांगायची. आवाज गोड, पण ब्लोअरच्या घरघरीत बाहेर विलासला त्यातला शब्दही ऐकू जायचा नाही. तरी तो ट्रॅक्टरवर बसून मन लावून ऐकायचा.

दोघांचं जमलं, घरच्यांना कळलं, दोन्ही घरं तयारही झाली. आणि मग पत्रिका मध्ये आली. उज्ज्वलाला मंगळ. तोही सातव्या घरात, म्हणजे नवऱ्याच्या घरात. भाऊसाहेब शाळेत येऊन खुर्चीच्या कडेला टेकले. "बाई, पोरगी लय गुणाची हाय. पन मंगळ कडक हाय म्हनत्यात. आमचा एकच पोरगा शेतीत रमलाय. उद्या काय झालं तर?"

"कोण म्हणतं कडक? तुम्ही पाहिलाय?"

"मंगळ कसा पाहनार?"

"मी दाखवते," बाई म्हणाल्या. "तुमच्याच ब्लोअरवर दाखवते. बघा तरी तो पोरीचं काय वाकडं करतोय."

इथं बाईंच्या भावाची ओळख करून द्यायला हवी. अण्णा रामकुंडावर बाहेरगावच्या यजमानांचं क्षौर, पिंडदान, शांती बघायचे. घराणंच तीर्थोपाध्यायांचं. बहीणभावाचं रोज भांडण आणि रोज एकत्र जेवण. बाईंनी मुलांना त्यांच्या वाढदिवशी जन्मवेळचं आकाश दाखवायला सुरुवात केली, तेव्हा अण्णा चिडले होते. "शकू, तू माझ्या पोटावर पाय देतेस." बाईंचं उत्तर ठरलेलं. "तुझी पत्रिका मांडीवर, माझी डोक्यावर. ज्याला मान वर करता येते त्यानं माझ्याकडं यावं." तरीही भाऊसाहेबांचा अण्णांवर विश्वास होता, म्हणून अर्थ सांगायला अण्णांनाच बोलावलं. धोतर सावरत ते बोगद्यातून रांगत आत आले आणि म्हणाले, "राहू दिसत नाही म्हणून मला चिडवू नकोस. तो बिंदू आहे, मला माहीत आहे."

तर त्या दुपारी घुमटात सतरंजीवर डोकी मध्ये, पाय बाहेर असे आडवे पडले होते भाऊसाहेब, त्यांच्या पत्नी मालतीकाकू, अण्णा, उज्ज्वला आणि तिचे आईवडील. बाई मधोमध टॉर्च घेऊन. मी कडेला लॅपटॉपशी. विलास बाहेर ट्रॅक्टरवर, कारण तो उठला तर आकाश खाली येणार. त्याची घालमेल आत आम्हाला दिसत होती. त्याच्या हातातल्या थ्रॉटलप्रमाणं घुमट कधी ढोलासारखा ताणला जायचा, कधी उसासा टाकायचा.

बाईंनी उज्ज्वलाचा जन्म स्पष्ट सांगितला, "चार ऑक्टोबर, दिवेलागणीची वेळ, नाशिक." साल त्यांनी आधीच सांगितलं होतं. मी चार, तिरपी रेघ, दहा असं टाइप केलं.

आकाश उजळलं. मंगळ पार वर, दक्षिणेकडे. अण्णांनी बोटांवर घरं मोजली आणि ताडकन उठून बसले. "नवम! अहो, भाग्यस्थान! भाग्यातला मंगळ आहे हिचा!"

"मंग पत्रिका मांडनाऱ्या गुरुजीनं सातव्यात कसा टाकला?" भाऊसाहेब.

"गणितात घसरला असेल."

"म्या म्हनत नव्हते?" मालतीकाकूंनी अंधारातच उज्ज्वलाचा हात शोधून धरला. उज्ज्वलाची आई रडायला लागली. भाऊसाहेब मोठ्यानं हसले. अंधारात सहा माणसं एकदम सुखी झाली. आणि मी लॅपटॉपच्या कोपऱ्यात पाहिलं. तिथं लिहिलं होतं, दहा एप्रिल. ते सॉफ्टवेअर परदेशी. त्यात महिना आधी लिहायचा असतो. मी चौथा महिना दिला होता आणि दहावा दिवस.

मला तेव्हाच कळलं. आणि मी गप्प बसलो. चांगलं चाललंय, कशाला मोडा, असं मनाशी म्हणालो, पण ते खरं कारण नव्हतं. मला भीती वाटत होती. चुकलो असं सहा माणसांसमोर म्हणायची मला आयुष्यभर भीती वाटत आलीय.

बाईंच्या टॉर्चचा लाल ठिपका मंगळाभोवती नाचत होता. तो नाचत नाचत पश्चिमेला गेला आणि थांबला.

"देवरे."

"हं, बाई."

"ऑक्टोबरातल्या तिन्हीसांजेला हा मृग पश्चिमेला काय करतोय?"

मी त्यांच्याजवळ सरकून कुजबुजलो, "बाई, असू द्या ना."

"असू द्या? आकाशात असू द्या नसतं, देवरे. काय झालंय?"

आणि मी जे बोललो ते मला आजही धड झोपू देत नाही. मी म्हणालो, "सॉफ्टवेअरनं घोळ घातला, बाई."

भाऊसाहेब उठून बसले. "म्हंजी मशीनच खोटं बोलतंय? मंग आमाला आडवं कशाला पाडलं? चला गं, उठा."

"मशीन खोटं बोललेलं नाही," बाईंचा आवाज आला. "तारीख मी उलटी सांगितली. महिना आधी, दिवस मागून. चूक माझी आहे, भाऊसाहेब. आता खरं आकाश बघा."

त्या घुमटात बाई इतकी वर्षं बोलल्या. चुकीचा तारा दाखवला गेला तर पहिलीच्या पोरांची माफी मागायच्या. त्या कापडाखाली त्या एकदाच खोटं बोलल्या, आणि ते माझ्यासाठी.

मी खरी तारीख टाकली. मंगळ पश्चिम क्षितिजाच्या किंचित वर, लालबुंद. अण्णा हळूच म्हणाले, "सप्तम." उज्ज्वलाच्या आईचं रडणं तेच राहिलं, कारण बदललं.

"म्हंजी खराच हाय," भाऊसाहेब म्हणाले.

"अगदी खरा आहे," बाई म्हणाल्या. "केवढासा ठिपका आहे तेही बघून घ्या. आणि आता तुमचा जन्म सांगा."

"माझा? माझा कुठं लिवलाय?"

"साल दाखल्यावर हाय, मला पाठ हाय," मालतीकाकू म्हणाल्या. "आनि सासूबाई सांगायच्या, पोळ्याचा दिस होता. बैलं मिरवून वेशीतून आत आली अन् हे झाले. पुढं कायम बैलासारखेच..."

"गप गं!"

"पोळा म्हणजे श्रावणी अमावास्या," अण्णांना आता चेव आला होता. "देवरे, श्रावणातलं आकाश लावा आणि एकेक संध्याकाळ पुढे ढकला." मी ढकलत गेलो. चंद्राची कोर पश्चिमेला उगवली, फुगत फुगत आकाश ओलांडून पूर्वेला पूर्ण झाली आणि दिसेनाशी झाली. सगळे श्वास रोखून बघत होते. अण्णा पडल्या पडल्या तिथी मोजत होते. "दशमी... द्वादशी... थांबा! हीच."

पश्चिम क्षितिजाच्या वर, उज्ज्वलाच्या मंगळापेक्षाही ठसठशीत, भाऊसाहेबांचा मंगळ.

अण्णा खाकरले. "सप्तमच."

मग मालतीकाकू. "अगं बया! म्हंजी इतकी वर्सं मी ज्याला सभाव समजत व्हते, तो मंगळ व्हता?"

बाई फिस्सकन हसल्या. अण्णा हसले. उज्ज्वलाचे वडील, जे आल्यापासून एक अक्षर बोलले नव्हते, ते पोट धरून लोळायला लागले. मालतीकाकू थांबायला तयार नव्हत्या. "असला बैलाचा मंगळ उरावर घेऊन मी मेले का? उलट दुपटीनं जाड झाले! मंग या पोरीच्या एवढ्याश्या ठिपक्याला माझा विल्या घाबरनार हाय व्हय?"

बाहेर विलासला फक्त आरडाओरडा ऐकू आला. त्याला वाटलं, मोडलं. तो ट्रॅक्टर बंद करून धावत सुटला. ब्लोअर थांबला आणि श्रावणी अमावास्येचं अख्खं आकाश हेलकावे खात आमच्या अंगावर उतरलं. नाकावर कापड, कापडावर तारे, अंधार, आणि सगळ्यांचं खिदळणं. त्या ढिगाखालून भाऊसाहेबांचा आवाज आला, "आरं विल्या, आदी हवा मार! लगीन लावायला तुझा बाप जिवंत तर राहिला पायजे!"

लग्न झालं. बाई वरमाईसारख्या मिरवल्या. माझ्याशी त्या चुकीबद्दल कधी एक शब्दही बोलल्या नाहीत. त्याच आवाजात हाका, तोच चहा, तेच "देवरे, शनी दाखवा, त्याला बघितलं की बरं वाटतं." मीही बोललो नाही. त्या निवृत्त झाल्या, निरोपाच्या समारंभात माझ्याच्यानं 'बाई म्हणजे उत्साहाचा झरा' एवढंच बोलवलं. काय ते वाक्य! मला स्वतःचीच लाज वाटली.

घुमट उज्ज्वलाकडं गेला. ती दिंडोरीच्या शाळांतून कार्यक्रम करायला लागली. एकदा मी लॅपटॉप दुरुस्त करून द्यायला तिथं गेलो, तर मैदानात बाई. केस पांढरे, हातात काठी, आवाज तोच. ब्लोअर सुरू होता. मी जवळ गेलो आणि कसा कोण जाणे, तोंड उघडलं.

"बाई, त्या दिवशी तारीख मी..."

"काय?"

"तारीख! मी उलटी टाकली होती!"

"ऐकू येत नाही हो! मोठ्यानं!"

मग मी, आयुष्यात पहिल्यांदा, बेंबीच्या देठापासून ओरडलो. "चूक माझी होती, बाई! मला आधीच दिसलं होतं! सॉफ्टवेअरवर ढकललं मी! आणि तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात!"

मैदानात रांगेत बसलेली पन्नासेक पोरं एकदम माझ्याकडं वळली. कुरळ्या केसांचा एक जण म्हणाला, "सर काय केलं वो?" घुमटाच्या बोगद्यातून उज्ज्वलानं डोकं बाहेर काढलं. तिनं ऐकलं होतं. तोंडावर हात ठेवून ती माझ्याकडं बघत राहिली आणि मग तिचे डोळे हसायला लागले.

मला वाटलं, बाई काहीतरी म्हणतील. माफ केलं, किंवा फार उशीर केलात, किंवा असू द्या. बाईंनी काठीनं पोरांकडं बोट केलं. "ऐकलंत का रे? सरांनी तारीख उलटी टाकली आणि आकाश सहा महिने सरकलं. आता तारीख उलटली की आकाश का सरकतं, ते सर सांगतील. सर, या पुढं."

"बाई, मी..."

"या! पोरं वाट बघतायत."

मी पुढं झालो. त्यानंतर थोड्याच महिन्यांत बाई गेल्या. मला त्या पुन्हा भेटल्या नाहीत. पण त्या दिवशी, समोर पन्नास चेहरे, मी धुळीत काठीनं सूर्य काढला, त्याच्याभोवती पृथ्वीची वाट काढली, एका बाजूला एप्रिल लिहिलं, समोर ऑक्टोबर, आणि बोलायला लागलो. मध्ये एकदा वळून पाहिलं. बाई पोरांच्याच रांगेत, पहिल्या ओळीत, एका पोरीला सरकवून मांडी घालून बसल्या होत्या. ब्लोअरच्या वाऱ्यानं उडणारा पदर एका हातानं धरलेला. दुसरा हात त्यांनी उंच वर केला होता. त्यांना शंका विचारायची होती.